घरच्यांनी मिळून घराण्याचा इतिहास शोधायचा तर काय काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात हा उद्योग सुरू झाल्यापासून सोसायटीत, नात्यात, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. आम्ही पुण्यात राहतो त्यामुळे उदाहरणं पुण्याची जास्त येतील, पण तुमचं मूळ गाव कोकणात असो नाहीतर मराठवाड्यात, पद्धत साधारण तीच. आणि आधीच सांगते, आईचं माहेर, आजीचं माहेर, पणजीचं माहेर सोडून केलेला वंशवृक्ष मला अर्धाच वाटतो, त्यामुळे हा विषय खाली मधे मधे डोकावणार आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात कुठून करू? सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा, कारण सरकारी दप्तरातला कागद अजून दहा वर्षांनीही तिथेच असेल, आजीचं तसं नाही. आणि स्वतःपासून मागे जा. पुष्कळ लोक उलटं करतात, म्हणजे आपल्या आडनावाचा पेशवाईतला एखादा सरदार शोधतात आणि तिथून घरंगळत आपल्यापर्यंत यायला बघतात, त्यातून काही हाती लागत नाही, फक्त वाद होतात.

एक कोरा मोठा कागद घ्या. तुमचं नाव, त्याच्यावर आईवडील, त्याच्यावर चार आजीआजोबा, त्याच्यावर आठ पणजीपणजोबा. आज रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून हे भरून बघा. पणजोबांपर्यंत कशीबशी नावं येतात आणि चार पणज्यांपैकी एखादीचंच नाव येतं, बाकीच्या ठिकाणी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तिथून तुमचं संशोधन सुरू.

मुलांना आवडणारी एक नंबरांची युक्ती आहे. स्वतःला 1 द्यायचा, वडील 2, आई 3. पुढे कुणाच्याही वडिलांचा नंबर म्हणजे त्या माणसाच्या नंबरची दुप्पट आणि आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे आईचे वडील 6, आईची आई 7, आईच्या वडिलांची आई 13. फाइलला, फोटोला, पाकिटाला हाच नंबर टाकला की एकाच नावाच्या दोन माणसांचा घोळ होत नाही. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एकाच पिढीत 1024 जागा होतात, तेव्हा सगळं पूर्ण करायचं वगैरे मनातून काढून टाका.

आजी काही सांगतच नाही, "आमचं काय मेलं सांगण्यासारखं" म्हणून विषय बंद करते. काय करू?

समोर बसून, फोन तोंडाशी धरून "आजी तुमच्या काळी कसं होतं" असं विचारलं तर कुणीही गप्पच बसेल. हाताला काम असू दे. मेथी निवडताना, शेंगा सोलताना, गणपतीच्या आधी भांडी घासायला काढतात तेव्हा माणसं बोलतात. तारखा विचारू नका, तारखा विचारल्या की परीक्षा दिल्यासारखं होतं आणि पुढचं सगळं अडतं. वस्तू विचारा, खोल्या विचारा, कोण कुठे झोपायचं ते विचारा.

सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे "घर काढून दाखव". आमच्या आत्याला आम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दिलं आणि शनिवार पेठेतला भाड्याचा वाडा काढायला सांगितला. तिने आधी दिंडी दरवाजा काढला, मग चौक, चौकातला हौद, डाव्या हाताला मालकांचं बिऱ्हाड, जिना, जिन्याखाली लाकडं ठेवायची जागा, इथपर्यंत गप्पा हसत चाललेल्या. मग माजघराच्या मागे एक छोटा चौकोन काढला आणि म्हणाली ही बाळंतिणीची खोली, हिला खिडकी नव्हती. आणि पेन तिथेच टेकवून ती एकेक नाव घ्यायला लागली, या खोलीत कोण कोण जन्मलं ते, क्रमाने, आपल्या आईच्या बाळंतपणांपासून चुलत्यांच्या सुनांच्या बाळंतपणांपर्यंत, जगलेली मुलं आणि न जगलेलीही. त्यातली दोन बाळं आमच्या कुठल्याच यादीत नव्हती, त्यांचं बारसं झालेलं होतं, नावं ठेवलेली होती, आणि ती कुठल्या कागदावर कधी आलीच नसती. माझी लेक शेजारी बसून लिहून घेत होती, तिला त्या दिवशी काही समजावून सांगावं लागलं नाही.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर परवानगी विचारून करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बारीक करा, आणि कुकर लावला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांबा. फाइलला लगेच नाव द्या, तारीख, कोण बोलतंय, कशाबद्दल. आणि मधेच "नाही गं, काका तर वेगळं सांगतात" असं टोकू नका. दोन्ही ठेवा. कोणाचं बरोबर ते नंतर कागद सांगेल, किंवा नाही सांगणार.

आमच्याकडे सगळे 1 जूनलाच जन्मलेत!

तुमच्याकडेच नाही, अख्ख्या महाराष्ट्रात. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि जून महिन्यात शाळा सुरू म्हणून 1 जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ही सरकारी तारीख आहे, खरी असेलच असं नाही. दाखल्याचा खरा उपयोग शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत पोचायला होतो, तिथे पालकाचं नाव, गाव, आधीची शाळा हे सगळं मिळतं.

खरं वय काढायचं तर घटनांचा आधार घ्या. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, म्हणजे 12 जुलै 1961 ला, तू केवढी होतीस? कडेवर होतीस की शाळेत जात होतीस? कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, 1972 चा दुष्काळ, 1948 ला गांधीजींचा खून झाला तो दिवस, आणि त्याच्याही मागे 1918 ची मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, 1897 चा पुण्यातला प्लेग. "प्लेगात गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले होते तेव्हा आजोबांची आई गेली" असं एक वाक्य मिळालं तरी बरंच काम होतं, फक्त प्लेग नंतरही वर्षानुवर्षं परत परत येत होता हे लक्षात ठेवा.

जुन्या पत्रिकांवर आणि कागदांवर शके असतं. शकेमध्ये 78 मिळवा, आणि तिथी जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतची असेल तर 79. पडताळायचं असेल तर शिवराज्याभिषेक घ्या, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके 1596, अधिक 78 म्हणजे 1674, बरोबर. श्राद्धामुळे घरात मृत्यूची तिथी पाठ असते पण साल कोणालाच आठवत नाही, अशा वेळी "वार कोणता होता" हे विचारा. तिथी आणि वार दोन्ही मिळाले की जुनी पंचांगं बघून सालाचे मोजकेच पर्याय उरतात.

आमचे सगळे कागद पानशेतच्या पुरात गेले, आता काय मिळणार?

पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या बऱ्याच घरांची हीच कहाणी आहे. पण "कागद" म्हटलं की लोकांना सनद आणि ताम्रपट आठवतो, आणि घरात पडलेल्या गोष्टी दिसत नाहीत. लग्नपत्रिका बघा. जुन्या पत्रिकेत आजोबांचं नाव, कोणाची नात, निमंत्रक कोण, कोणाच्या नावाआधी कै. लागलंय, मुक्काम पोस्ट काय, म्हणजे एका कागदावर तीन पिढ्या आणि दोन गावं. जन्मपत्रिका, जुनी रेशनकार्डं, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का.

आणि भांडी! जुन्या पितळी नि स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, कोणाच्या लग्नात कोणाकडून, वर तारीखसुद्धा. माळ्यावरची भांडी खाली काढून मुलांना बॅटरी देऊन वाचायला बसवा, रविवार मजेत जातो. नाव पुसट असेल तर तिथे थोडी टाल्कम पावडर चोळा, अक्षर उठून दिसतं.

पण माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे आहेराची वही. कुठल्याही घरात लग्नामुंजीत कोणी काय दिलं ते लिहून ठेवायचे कारण पुढे परतफेड करायची असते. नाव, गाव, सव्वा रुपया, पाच रुपये, एक पातेलं, एक खण. वंशवृक्षात फक्त रक्ताची माणसं येतात, आहेराच्या वहीत प्रत्यक्ष जाणंयेणं कोणाकोणाशी होतं ते दिसतं, कोणत्या मावशीच्या सासरचे लोक आले, कोणत्या भावाचं नाव एका लग्नात आहे आणि पुढच्या लग्नात नाही. तिथे भांडण झालेलं असतं बहुतेक.

बायकांची नावं कुठेच सापडत नाहीत. काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यायलाच हवा. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलायचं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं यायचं, आणि बऱ्याच घरांत पहिलं नावही बदलायचं, त्यामुळे एकाच बाईचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या गावच्या कागदांत पडलेले असतात आणि ते जोडणारा कागद नसतो. म्हणून प्रत्येक बाईसाठी दोन ओळी ठेवा, माहेरचं पूर्ण नाव आणि सासरचं पूर्ण नाव, एक माहीत नसेल तर ती ओळ रिकामी ठेवा पण ठेवा.

मग शोधायचं कुठे? एक म्हणजे गावाकडचे वारस फेरफार. सातबारावर आज कोणाचं नाव आहे एवढंच दिसतं, पण ते नाव कसं लागलं ते फेरफारात असतं, अमका मयत, त्याचे वारस अमके अमके. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर या नोंदींमध्ये मुलींची नावं यायला लागली, लग्न झालेल्या असतील तर सासरच्या नावाने आणि बऱ्याचदा गावासकट. नंतर त्यांच्याकडून हक्कसोड पत्र करून घेतलेलं असतं हे वेगळं, पण त्या निमित्ताने का होईना कागदावर बहिणी दिसतात.

दुसरं, ज्यांच्या घरी श्राद्ध पक्ष होतात त्यांनी ती यादी मागा. महालयाच्या श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी, आईच्या बाजूचे तीन पिढ्यांचे लोक, काका, आत्या, मावशी सगळ्यांची नावं घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे आजोबांच्या हातची एखादी पिवळी पडलेली चिठ्ठी पोथीत सापडते आणि जी पणजी कुठेच सापडत नव्हती ती तिथे गोत्रासकट बसलेली असते. घरात सापडली नाही तर गुरुजींकडे विचारा.

तिसरं, आजीला ओव्या येत असतील तर म्हणायला लावा. जात्यावरच्या ओव्यांत माहेरचं गाव, भावाचं नाव, नदी, देव सगळं येतं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी मुळशी-मावळाकडून सुरुवात करून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या पुष्कळ ऐकायला मिळतात, आजीला ऐकवल्या की ती "आमच्याकडे अशी नव्हती" म्हणून आपली सुरू करते.

आणि आईच्या, आजीच्या माहेरी फोन करा. साधी गोष्ट आहे पण कोणी करत नाही.

एकच आडनाव म्हणजे नातं असणारच ना?

नाही. गावावरून पडलेली "कर" वाली आडनावं तर त्या गावातून बाहेर पडलेल्या कोणालाही लागलेली असतात, वेगवेगळ्या जातीतल्या लोकांना सुद्धा. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, आणि तुमच्याकडे असेल त्याप्रमाणे गोत्र किंवा देवक, हे सगळं जुळलं तर पुढे बोलणं करा.

गावाचंही नीट बघा. नुसतं "वडगाव" सांगून काय उपयोग, पुण्याच्याच आसपास वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे तसं बीडमध्येही आहे. शिवाय जिल्हे बदललेत, सिंधुदुर्ग 1981 ला रत्नागिरीतून वेगळा झाला, रायगड त्याआधी कुलाबा होता, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत होतं. आणि भोर, औंध, फलटण, सांगली ही 1948 पर्यंत संस्थानं, तिथलं दप्तर ब्रिटिश मुलखासारखं नसतं.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल का?

कुलवृत्तांत म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं आणि इतिहासाचं पुस्तक. असू शकतो, विशेषतः काही समाजांमध्ये विसाव्या शतकात कुलवृत्तांत काढायची मोठी लाट होती. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, इथे चौकशी करा. मिळाला तर आनंद आहे, पण पहिली दहा पानं मिठाची चिमूट घेऊन वाचा, प्रत्येक घराण्याचा मूळ पुरुष कुठल्या तरी राजाच्या दरबारातून आलेला असतो. आणि मुलींच्या पुढे बहुतेक वेळा फक्त "विवाहित" लिहून रेघ संपते. त्या रेघेच्या पुढे पेन्सिलने भरायचं काम तुमचं. ज्यांच्या समाजात कुलवृत्तांत छापायची पद्धत नव्हती त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तुमचा पहिला असेल.

पेशवे दप्तरात जाऊन आपल्या पूर्वजांचं नाव शोधता येतं का?

पेशवे दप्तर म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद. ते पुणे पुराभिलेखागारात आहेत, बंडगार्डन रोडला कौन्सिल हॉलजवळ, अर्ज करून, कारण सांगून कागद बघता येतात. पण तिथे आडनाव टाइप करून एंटर मारायचं असं काही नाही. कोट्यवधी कागद, कापडी रुमालांत बांधलेले, जवळजवळ सगळे मोडी लिपीत. 1818 नंतर इंग्रजांनी हे दप्तर राखलं ते काही इतिहासाच्या प्रेमाने नाही, इनाम कोणाचं खरं, वतन कोणाचं, सूट कोणाला द्यायची हे ठरवायला त्यांना पुरावा लागत होता. म्हणून तुमच्या पूर्वजांचा सरकारशी पैशाचा, जमिनीचा किंवा नोकरीचा संबंध आला असेल, पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार, शिलेदार, देवस्थानचे पुजारी असे असतील, तर मिळायची आशा जास्त. गाव आणि परगणा माहीत असल्याशिवाय जाऊ नका, तिथल्या लोकांचा आणि तुमचाही दिवस फुकट जातो.

बऱ्याच जणांसाठी त्यापेक्षा जवळचे कागद जास्त कामाचे. राज्याच्या आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन केलेले जुने सातबारे, फेरफार, कडईपत्रकं (जमिनीच्या जुन्या नोंदींचा एक प्रकार) बघता येतात, सगळ्या गावांचं अजून नाही. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 म्हणजे गावचं जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर मिळू शकतं, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शहरातल्या वाड्यासाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड.

मोडी शिकायलाच लागते का? मुलांना जमेल?

1950 च्या सुमारापर्यंत शाळेत मोडी शिकवायचे, त्यामुळे पणजोबांच्या हातचं काहीही मोडीत असू शकतं, अगदी धोब्याचा हिशोबसुद्धा. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागारात मोडीचे वर्ग निघतात, सुट्टीत घरातल्या दोघांनी तरी करावेत. अक्षरं ओळखायला फार वेळ लागत नाही. खरी गंमत पुढे आहे, कारण मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारतो आणि मग हात न उचलता लिहीत सुटतो, शब्द तोडत नाही, ऱ्हस्व दीर्घ पाळत नाही, पूर्णविराम देत नाही. प्रत्येकाचं हस्ताक्षर नव्याने शिकावं लागतं. पण ठरलेले शब्द सारखे येतात, मौजे, परगणे, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, ते दिसायला लागले की बाकीचं सुटत जातं. मुलं याबाबतीत मोठ्यांच्या पुढे जातात कारण त्यांना ती गुप्त लिपी वाटते. आमच्याकडे फ्रिजवर निरोप आता मोडीत असतात, ते वाचता येत नाहीत म्हणून यांची चिडचिड होते.

महत्त्वाचा कागद असेल, कोर्टाचा किंवा जातपडताळणीचा, तर घरगुती वाचनावर जाऊ नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. 2023 मध्ये सरकारने जुन्या कुणबी नोंदी शोधायला काढल्या तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी खूप आहे, आधी दर विचारा.

नाशिकला भटजींकडे वह्या असतात म्हणे, खरं का?

खरं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया अशा ठिकाणचे तीर्थोपाध्ये यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या पिढ्यानपिढ्या ठेवतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते कळतं, आणि नशीब असेल तर पणजोबांची सही किंवा अंगठा बघायला मिळतो. आम्ही बघितलेल्या पानावर बरोबर आलेल्या बायकांची नावंही होती. फोटो काढायच्या आधी विचारा, दक्षिणा द्या, आणि जाताना तुमची स्वतःची नोंद करा, लेकी सुनांसकट.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात मूळ असेल तर हेळवी समाजाचे लोक गावोगाव येऊन वंशावळ सांगतात, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा ते कधी येतात.

आमचं मूळ मराठवाड्यात, तिथलं सगळं उर्दूत आहे.

हो, 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं त्यामुळे महसुली कागद उर्दूत सापडतात. उर्दू वाचणारा माणूस शोधा, पुण्यात मिळतो. 1954 च्या खासरा पाहणी पत्रकापासून, म्हणजे जमिनीच्या तेव्हाच्या नोंदीपासून, मागे जायला सुरुवात केलीत तर सोपं पडेल.

सगळे जण "अण्णांनी" घर बांधलं म्हणतात. कोणते अण्णा?

हाहा. अण्णा, नाना, तात्या, बापू, भाऊ, दादा, प्रत्येक पिढीत तेच. वर आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, म्हणजे रघुनाथ कृष्णाजी, मग कृष्णाजी रघुनाथ, मग परत रघुनाथ कृष्णाजी. उपाय एकच, जो बोलतोय त्याला तिथल्या तिथे विचारायचं, "तुमचे अण्णा म्हणजे तुमचे कोण?" आणि लिहिताना सुरुवातीला सांगितलेला नंबर टाकायचा. नंतर घरी येऊन ऐकलं तर उलगडा होत नाही.

मुलांना बोअर होतं.

बसवून वंशावळ शिकवलीत तर होणारच, मलाही होईल. त्यांना खरं काम द्या. स्कॅनिंग त्यांच्याकडे, नकाशावर गावं टाकणं त्यांच्याकडे, मोठ्यांना प्रश्न विचारणं तर नक्कीच त्यांच्याकडे, कारण सुनेने विचारलं की सासूबाई जपून बोलतात आणि नातवाने विचारलं की सगळं सांगतात. आजीआजोबांना घेऊन बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात जा. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी बघत आजी जे बोलेल ते पाटीवरच्या माहितीपेक्षा भारी असतं, "हे आमच्याकडे होतं, वहिनीने मोडीत घातलं" इथपासून सुरुवात होते. बसायला बेंच आहेत का, जिने किती आहेत ते आधी विचारून जा.

शोधताना नको ते बाहेर आलं तर?

येतंच. पहिली बायको, लपवलेलं दत्तक, सोडून दिलेली बाई, केशवपन, कोणी विहिरीत उडी मारलेली, 1948 ला गांधीजींच्या खुनानंतरच्या जाळपोळीत गाव सोडून आलेलं घर, किंवा आपल्याच माणसांनी दुसऱ्यावर केलेला अन्याय. माझा नियम असा की लिहून ठेवायचं सगळं, सांगायचं विचार करून. ज्याच्याबद्दल आहे तो किंवा त्याची मुलं हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही. दत्तक गेलेल्या मुलाला दोन्हीकडे दाखवा, जन्माचे आईवडील आणि दत्तक आईवडील, दोन वेगळ्या रेघांनी. लहान मुलांसमोर खोटं सांगू नका, "पुढे सांगेन" एवढं पुरतं.

जुने फोटो आणि कागद कसे सांभाळायचे?

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने कडेला लिहा. 600 डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, निघत नसेल तर तसाच स्कॅन करा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कागद आतून घामेजतात, त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, दप्तरखान्यात रुमाल वापरतात ते उगाच नाही.

आता तरी सॉफ्टवेअर सांगा! आणि डीएनए टेस्ट?

फॅमिलीसर्च फुकट आहे, ग्रॅम्प्स कॉम्प्युटरवर फुकट चालतं, आणि साधी एक्सेल शीटसुद्धा चालते. दुसरं कुठलं अ‍ॅप घेतलंत तर एवढंच बघा की त्यातून गेडकॉम फाइल (वंशवृक्षाची, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाइल) काढता येते, म्हणजे उद्या अ‍ॅप बंद पडलं तर माहिती हातात राहते. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघड्यावर टाकू नका, बँका हेच विचारतात.

डीएनएचं म्हणाल तर मौज म्हणून करा. या कंपन्यांकडे परदेशातल्या लोकांचे नमुने जास्त, त्यामुळे तुमचा साताऱ्याचा चुलतभाऊ त्यातून सापडायची शक्यता कमीच. त्याच्यापेक्षा सातारला जा.

गावाला जाऊन फेरफार मागितले की भाऊबंदांना वाटतं जमिनीसाठी आलेत. काय सांगायचं?

त्यांचं चुकत नाही, शहरातला माणूस पन्नास वर्षांनी गावात उगवतो आणि तलाठ्याकडे जाऊन जुने कागद मागतो, दुसरं काय वाटणार. म्हणून क्रम उलटा करा. पहिल्या खेपेला कागदाचं नाव काढायचं नाही. जत्रेला जा, कुलदैवताला जा, म्हाताऱ्यांना भेटा, लहान मुलं बरोबर न्या, आणि तुमच्याकडचे जुने फोटो प्रिंट काढून घेऊन जा, मागायला न जाता द्यायला जा. जमिनीचा विषय निघालाच तर सरळ सांगा की हक्क नको, नावं हवीत, आणि तसं असेल तरच सांगा. दुसऱ्या खेपेला तेच म्हणतात चला तलाठ्याकडे, मी येतो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो, तो घरूनच काढून न्या म्हणजे गट नंबर हाताशी असतो, जुन्या फेरफारांचे नंबर त्याच्यावरच लिहिलेले असतात. तलाठ्याकडे जायला बुधवार-गुरुवार बरा, सोमवारी गर्दी असते. आणि गावातल्या लेकी कुठे दिल्यात ते जाताना विचारून घ्या, परतीच्या वाटेवर त्यातलं एखादं गाव लागतंच.